मदत हवी आहे: बिडाच्या गियरला वेल्ड टिकत नाही, आणि गंजाचा रंग तसाच कसा राखायचा?

नमस्कार मंडळी,

इचलकरंजीत मोडीत निघालेल्या यंत्रमागांच्या भंगारातून मी शिल्पं करतो. ऑगस्टमध्ये मुंबईत, काळा घोड्याजवळ चौघांचं मिळून प्रदर्शन आहे. दोन गोष्टींवर घोडं अडलंय.

एक म्हणजे बगळा. साडेपाच फूट उंच, पाय १२ एमएम सळीचे, आणि तो मागाच्या एका जुन्या गियरवर उभा करायचाय. गियर बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा. ६०१३ नंबरच्या साध्या वेल्डिंगच्या काडीने वेल्ड मारला की गार होताना 'टक्' असा आवाज येतो आणि जोडाच्या कडेने बीड फाटतं. वेल्ड मात्र शाबूत! निकेलची काडी वापरली तर नक्की भागेल का? किंमत ऐकूनच हात मागे घेतलाय.

दुसरं, फिनिश. रंग नकोच आहे. व्हिनेगर, पेरॉक्साइड आणि मीठ फवारून आणलेला तांबूस गंज दिसायला हवा. लॅकर मारला की नको इतकं चमकतं, मेण लावलं तर बोटं तांबडी होतात. त्यात गॅलरीच्या भिंती पांढऱ्या आणि मुंबईची पावसाळी हवा. जाणकारांनी सांगावं.

खटपट्या: बिडात कार्बन भरपूर, त्यामुळे जोडाच्या कडेचा भाग काचेगत ठिसूळ होतो आणि वेल्ड आकसला की तिथेच तडकतो. निकेलने फरक पडतो, पण नुसत्या काडीने नाही. इंचभर मारायचं, लगेच हातोडीचे हलके ठोके द्यायचे, मग पुढचं. शेवटी कोरड्या राखेत पुरून सावकाश गार होऊ द्यायचं. पण मी म्हणतो, वेल्ड हवाच कशाला? गियरला शाफ्टचं भोक आहेच. पाय १० एमएमच्या एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटवर वेल्ड करा आणि प्लेट त्या भोकातून खालून बोल्टने आवळा. टेम्पोत बगळा वेगळा, गियर वेगळा नेता येईल. जोडल्यावर हाताने थोडा कलंडवून बघा. आपोआप सरळ होत नसेल तर गियरखाली आणखी रुंद प्लेट लागेल. प्रदर्शनात लहान मुलं येतात.

गंजका खिळा: मीठ आत राहिलं तर वरून काहीही लावा, गंज चालूच राहणार. आधी खायच्या सोड्याच्या पाण्याने, मग साध्या पाण्याने भरपूर धुवा. हीट गनने सांधेसुद्धा वाळवा. सुटा गंज नायलॉनच्या ब्रशने काढला की मगच मॅट टू-के पीयू क्लिअर (दोन भाग कालवून मारायचा पॉलियुरेथेनचा बिनरंगी कोट), दोन पातळ हात. रंग किंचित गडद होईल, ते धरून चला. वेल्डवरची खपली कुठे राहिली असेल तर आधी ठोकून काढा, नाहीतर तिथूनच कोट सुटतो.

धागाकर्ता: बोल्टचं डोक्यातच आलं नव्हतं, आभार! गियरचं भोक सव्वा इंचाचं आहे, म्हणजे खाली जाड वॉशर कापून घेतो. टू-के एकदा कालवलं की किती वेळ वापरता येतं? कामं ५ आहेत, सगळी एकाच दिवशी उरकावी म्हणतोय.