‘केंद्रशासित शहर’ हा शब्द कितपत योग्य? चीनमधील शहरांच्या दर्जांविषयी

प्रश्न: मराठी वृत्तपत्रांत चोंगचिंग आणि त्यांजिन यांचा उल्लेख कधी ‘नगरपालिका’, कधी ‘महानगरपालिका’, तर कधी ‘केंद्रशासित शहर’ असा केलेला आढळतो. मूळ चिनी संज्ञेला यांपैकी कोणता शब्द जवळचा आहे? तसेच ‘उपप्रांतीय शहर’ आणि ‘जिल्हास्तरीय शहर’ यांचा नेमका अर्थ काय? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर: मूळ संज्ञा ‘झीशियाशी’ अशी आहे. ‘झी’ म्हणजे थेट, ‘शिया’ म्हणजे अखत्यारीत असणे आणि ‘शी’ म्हणजे शहर. बीजिंग, शांघाय, त्यांजिन आणि चोंगचिंग ही चारच शहरे आज या वर्गात आहेत. ‘नगरपालिका’ हा शब्द इंग्रजी बातमीवरून उचलला गेला असून तो सरळसरळ चुकीचा आहे, कारण आपल्याकडे नगरपालिका ही राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली, रस्ते, पाणी आणि कचरा पाहणारी संस्था असते. ‘केंद्रशासित’ हा शब्द अर्थाने जवळ असला तरी मराठी वाचकाच्या मनात त्याच्यामागोमाग भारतीय केंद्रशासित प्रदेश येतो, म्हणजे राष्ट्रपतींनी नेमलेल्या प्रशासकामार्फत चालणारा आणि अधिकारांच्या बाबतीत राज्याहून उणा असलेला प्रदेश. चीनमध्ये परिस्थिती नेमकी उलटी आहे. 1982 च्या राज्यघटनेचे तिसावे कलम प्रांत, स्वायत्त प्रदेश आणि ही शहरे यांना एकाच रांगेत बसवते. या शहरांची स्वतःची जन-काँग्रेस (म्हणजे स्थानिक प्रतिनिधिसभा) आणि स्वतःचे सरकार असते, आणि त्यांच्या व केंद्राच्या मध्ये कोणताही प्रांत नसतो. दर्जाने ती कोणत्याही साध्या शहराच्या वर आहेत, आणि सध्या या चारही शहरांचे पक्षसचिव (म्हणजे तेथील कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख) पॉलिट ब्युरोचे, म्हणजे पक्षाच्या वरिष्ठ नेतृत्व मंडळाचे, सदस्य आहेत, हा मान बहुतेक प्रांतांच्या पक्षसचिवांनाही नाही. म्हणून मी ‘केंद्राधीन महानगर’ असा शब्द सुचवेन, आणि प्रथम उल्लेखात ‘प्रांताच्या दर्जाचे’ असे विशेषण जोडावे.

‘महानगर’ या शब्दालाही मर्यादा आहे, हे मान्य केले पाहिजे. ‘शी’ म्हणजे इमारतींचा सलग पसारा नव्हे, तर तो एक प्रशासकीय घटक आहे आणि त्यात डोंगर, शेती आणि खेडी सामावलेली असतात. चोंगचिंगचे क्षेत्रफळ सुमारे 82,400 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे मराठवाड्याहून मोठे आणि विदर्भाहून थोडे लहान. 2020 च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या सुमारे 3.2 कोटी होती. ‘जगातील सर्वांत मोठे शहर’ असे वाक्य चोंगचिंगविषयी अधूनमधून छापून येते, त्याचे मूळ ‘शी’ या शब्दातच आहे. 1997 पर्यंत हे शहर सिचुआन प्रांतात होते. तो प्रांत सुमारे 11 कोटी लोकसंख्येचा, कारभाराला अवजड झालेला. त्यात यांगत्सेवरील थ्री गॉर्जेस धरणामुळे दहा लाखांहून अधिक लोक हलवावे लागणार होते आणि त्यांतील बहुसंख्य याच पट्ट्यातले होते. त्या वर्षी फूलिंग, वानशियान आणि च्येनच्यांग हे भाग जोडून चोंगचिंग वेगळे काढण्यात आले. मोटारींच्या पाट्यांवरही हा बदल उमटला: पूर्वी चोंगचिंगच्या गाड्यांवर सिचुआनचे अक्षर आणि पुढे ‘बी’ असे, फाळणीनंतर चोंगचिंगला ‘यू’ हे स्वतःचे अक्षर मिळाले आणि ती जुनी मालिका म्येनयांग शहराकडे गेली.

उपप्रांतीय शहरे पंधरा असून ती प्रांतातच राहतात. हा वर्ग 1994 मध्ये ठरला, आणि तेव्हा त्यात चोंगचिंग धरून सोळा शहरे होती. येथे दर्जा मुख्यतः अधिकाऱ्यांचा असतो: पक्षसचिव आणि महापौर यांना प्रांताच्या उपप्रमुखाची पायरी मिळते आणि त्यांच्या नेमणुकीवर केंद्रीय पक्षाचे नियंत्रण असते. या पंधरांपैकी ताल्येन, छिंगताओ, निंगपो, श्यामेन आणि शेनचेन यांची राष्ट्रीय नियोजनात स्वतंत्र नोंद असते आणि त्यांचा आर्थिक हिशेब थेट केंद्राशी चालतो. (मुंबईत कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्ताकडे असतात आणि महापौरपद मानाचे असते, चिनी महापौर खरा कारभारी असतो, मात्र त्याच्या वर पक्षसचिव असतो. ‘महापौर’ हा प्रतिशब्द वापरताना एवढे ध्यानात ठेवावे.)

त्याखाली जिल्हास्तरीय शहर येते, आणि येथे आपल्या ‘जिल्हा’ या शब्दाचा चांगला उपयोग होतो, कारण 1980 च्या दशकापासून जुन्या जिल्ह्यांच्या जागी शहराच्या नावाने कारभार चालवण्याची पद्धत सर्वत्र पसरली. च्यांगसू प्रांतातील सूचौ हे असे शहर आहे. त्याची अर्थव्यवस्था त्याच प्रांताची राजधानी असलेल्या नानचिंगहून मोठी आहे, पण नानचिंग उपप्रांतीय आणि सूचौ मात्र जिल्हास्तरीय. यावर तोडगा असा, की सूचौच्या पक्षसचिवाला बहुधा प्रांतीय पक्षाच्या स्थायी समितीत घेतात, म्हणजे शहराची पायरी न वाढवता माणसाची वाढवतात. याच सूचौच्या पोटात कुनशान हे वीस लाखांहून अधिक वस्तीचे तालुकास्तरीय शहर आहे. कायद्याच्या भाषेत सूचौ त्याचा कारभार प्रांताच्या वतीने पाहतो, त्यामुळे ‘सूचौचा उपविभाग’ असे लिहिणे काटेकोर ठरणार नाही.

आक्षेप: ‘केंद्रशासित’ हा शब्द वाचकांच्या अंगवळणी पडला आहे, आणि मथळ्यात ‘केंद्राधीन महानगर’ बसणार नाही. त्यापेक्षा या चारांना ‘पहिल्या श्रेणीची शहरे’ म्हणणे सोपे नाही का?

उत्तर: मथळ्यात ‘केंद्रशासित’ चालवून घ्यायला माझी हरकत नाही, मजकुरात खुलासा असला म्हणजे पुरे. ‘पहिली श्रेणी’ मात्र कटाक्षाने टाळावी, कारण ती सरकारी पायरी नसून बाजाराने आणि वृत्तमाध्यमांनी रूढ केलेली वर्गवारी आहे. घरांच्या किमती, बाजारपेठ आणि कंपन्यांची उपस्थिती यांच्याशी तिचा संबंध आहे. तीत बीजिंग, शांघाय, ग्वांगचौ आणि शेनचेन ही चार शहरे येतात. शेवटची दोन ग्वांगतोंग प्रांतातील उपप्रांतीय शहरे आहेत, तर केंद्राधीन असलेल्या त्यांजिन आणि चोंगचिंग यांना या चौकडीत स्थान नाही. दोन्ही याद्यांत योगायोगाने चारच नावे असल्यामुळे गोंधळ अधिक होतो. तेव्हा बातमी घरांच्या दरांची असेल तर श्रेणी लिहावी, नेमणुकीची किंवा अधिकारांची असेल तर दर्जा लिहावा, आणि दोन्ही प्रसंगी शहरांची नावे द्यावीत.