नाद संपत नाही, गाड्या बदलतात

जुन्या गाड्यांच्या रॅलीत सगळे पिकल्या केसांचे, म्हणजे वीस वर्षांत जुन्या गाड्या जपण्याचा हा नाद संपणार, असं या चर्चेत दोघांनी लिहिलंय. मला नाही पटत. ब्यूक-ऑस्टिनभोवती आजोबाच दिसणार, कारण त्या गाड्या ऐन भरात पाहिल्या त्यांनीच. लहानपणी ज्या गाडीच्या खिडकीला नाक लावून बसलो, तिच्याच मागे माणूस पुढे खिसा रिकामा करतो. आज पंचेचाळिशीत असलेल्यांची ती गाडी म्हणजे पद्मिनी, कॉन्टेसा, नाहीतर डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८००.

घोडं पेंड खातं ते नियमांत. केंद्राच्या २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेज नोंदणीला गाडी ५० वर्षांची लागते. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये भरले की 'व्हीए' या व्हिंटेज गाड्यांच्या मालिकेतला नंबर मिळतो. म्हणजे पहिलीवहिली मारुतीसुद्धा २०३३ शिवाय पात्र नाही! तोवर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत फेरनोंदणी, वर पर्यावरण कर. साठीतल्या बंगलेवाल्याला ते झेपतं. भाड्याच्या वन बीएचकेतल्या, एकच पार्किंग असलेल्या पोराने काय करायचं? तो आरएक्स १०० किंवा येझदीसारखी जुनी मोटरसायकल घेतो. त्यालाही याच छंदात धरा की.

मला खरी काळजी मेकॅनिकची वाटते. इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून देणारा कार्ब्युरेटर आवाज ऐकून कानाने लावणारे, ठिणगीच्या पॉइंटमधली फट फीलर गेजच्या पातळ पट्टीने मोजणारे उस्ताद आता सत्तरीत आहेत आणि त्यांची मुलं नव्या गाड्यांचे दोष दाखवणारा स्कॅनर लावून बसतात. हे काम शिकलेला कुणी तरुण पुण्या-ठाण्याकडे असेल तर इथे जरूर सांगा.