मेंढीला रक्त चढवायचं आहे, दाता कोण चालेल?

कळपवाला:
मेंढी तीन वर्षांची, वजन ४० किलोच्या आसपास. दोन आठवड्यांपूर्वी व्याली. हल्ली कळपाच्या मागे मागे राहायची, काल हाकलताना चार पावलं टाकली आणि बसलीच. डोळ्याची खालची पापणी उलटवली तर पांढरीफटक. जबड्याखाली सूज आहे, मऊ, बोट दाबलं की खड्डा राहतो. हगवण मात्र अजिबात नाही, लेंड्या नीट पडतायत, त्यामुळे जंतांकडे लक्षच गेलं नाही. डॉक्टरांनी लेंड्या तपासल्या, खच्चून अंडी निघाली. रक्ताचा पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण, ९. जंतनाशक पाजून झालंय. उद्या रक्त चढवू म्हणाले, दात्याची सोय करून ठेवा.

माझ्याकडे एक एडका आहे, साठेक किलोचा, अंगावर येणारा. आणि एक दांडगी शेळी आहे, ती गरीब आहे, धरायला सोपी. शेळीचं चालेल का? एडक्याच्या आणि मेंढीच्या रक्ताचे थेंब काचेवर मिसळून बघितले, गुठळ्या झाल्या नाहीत. म्हणजे गट जुळला समजू का? आणि एकदा देऊन भागतं की परत परत द्यावं लागतं?

गोठेवाली:
मेंढ्यांचं मला कळत नाही, गाईचं सांगते. आमच्या गाईला गोचिडांमुळे थायलेरिया झाला होता तेव्हा दुसऱ्या गाईचं चार लिटर रक्त दिलं. डॉक्टरांनी आधी दात्या गाईच्या रक्ताची काचपट्टी तपासायला पाठवली. वरून ठणठणीत दिसणाऱ्या जनावराच्या रक्तातही थायलेरिया, बबेसिया, अ‍ॅनाप्लाझ्मा असे रक्तातले रोगजंतू दडून असतात आणि रक्ताबरोबर आपणच ते आजारी जनावराला टोचतो. एडक्याचं तेवढं बघून घ्या.

चौथं_पोट:
शेळीला चरायला सोडा, एडका धरा. अंगावर येतो म्हणजे तब्येत चांगली आहे.

जनावरांचं काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. मेंढीला मेंढीचंच रक्त द्यायचं. शेळीच्या पेशी तिचं शरीर फार लवकर मोडून टाकेल. आता गटाचं. माणसात ए-बी-ओ चुकलं तर पहिल्याच पिशवीला घात होतो, कारण विरोधी प्रतिपिंडं रक्तात आधीपासून तयार असतात. रवंथ करणाऱ्या जनावरांत गटांचा पसारा खूप मोठा आहे. गाईत ११ प्रणाली, मेंढीत ७, आणि एकेका प्रणालीत कितीतरी घटक. तंतोतंत जुळणारा दाता शोधायला गेलात तर मेंढी तेवढं थांबणार नाही. पण आधीपासून तयार असलेली प्रतिपिंडं यांच्यात कमी आणि बहुधा कमजोर असतात, म्हणून पहिलं रक्त सहसा न जुळवता देतात आणि ते पचतं. सहसा म्हणतोय, नेहमी नाही.

ते काचेवरचं विसरून जा. मेंढीच्या किंवा गाईच्या तांबड्या पेशी सहजासहजी गुठळ्या करत नाहीत, रक्त न जुळणारं असलं तरीही. तुम्ही एडक्याऐवजी शेजारच्या गोठ्यातलं काहीही मिसळलं असतंत तरी बहुधा हेच दिसलं असतं. प्रयोगशाळेत यांच्यासाठी पेशी फुटतात का हे बघणारी वेगळी चाचणी असते.

हगवण नाही म्हणून जंत नाहीत, हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता चिडतही नाही. हा रक्तपित्या जंत, हिमॉन्कस, चौथ्या पोटात राहतो आणि हगवण लावत नाही. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त खातो. पाच हजार जंत असले तर रोजचे पाव लिटर. तुमच्या मेंढीच्या अंगात सगळं मिळून २.६ लिटर, किलोमागे ६५ मिली धरून. त्यात विण्याच्या सुमारास मेंढीची जंतांना आवरण्याची ताकद ढिली पडते, आणि नेमकं तेव्हाच दुधासाठी अंगातलं सगळं खर्ची पडत असतं.

९ हा आकडा वाईट आहे, पण नुसत्या आकड्यावर मी सुई काढत नाही. हळूहळू रक्त कमी झालेली मेंढी ९ वर उभी राहून रवंथ करताना पाहिली आहे. तीच मेंढी कुत्र्याने फाडून दोन तासांत निम्म्यावर आली तर पीसीव्ही सुरुवातीला चांगलाच दिसतो, कारण पेशी आणि पाणी एकाच मापाने गेलेलं असतं. तुमची चार पावलांत बसली, हे माझ्या लेखी ९ पेक्षा मोठं. आता तिला हाकलू नका, पकडायला धावू नका, गाडीत घालू नका. अशा मेंढ्या पळवल्या की जागच्या जागी मरतात. डॉक्टरांना तिच्याकडे न्या.

किती द्यायचं, तर तिला ९ वरून १५ वर आणायचं धरा. ३५ वर नेण्याचा हट्ट नको. एडक्याचा पीसीव्ही ३० असेल तर २.६ लिटर गुणिले ६ भागिले ३०, म्हणजे ५२० मिली. साठ किलोचा एडका किलोमागे दहा-बारा मिली सहज देतो, ३५० च्या दोन पिशव्या झाल्या. त्याला नंतर सलाईन आणि विश्रांती.

माणसांची ३५० मिलीची पिशवी वापरली तर त्यात रक्त गोठू न देणारं ४९ मिली सायट्रेटचं द्रावण आधीच असतं. पिशवी भरायचीच, अर्धवट ठेवली तर त्या रक्ताला सायट्रेट जास्त होतं. एडक्याला एकाने कोपऱ्यात दाबून धरायचं, मानेवरची लोकर पार कातडीपर्यंत कापायची, अंगठ्याने शीर खालून दाबली की ती बोटभर फुगून वर येते. जाड सुई, पिशवी जमिनीवर वजनकाट्यावर, आणि भरत असताना कोणीतरी ती सतत हलकेच हलवत राहायची. हलवणारा गप्पांत रमला की तळाशी गाठ धरते.

देताना गाळणी असलेलाच संच. रिंगर लॅक्टेट त्याच नळीतून नको, त्यातलं कॅल्शियम सायट्रेटला निकामी करतं आणि नळीत रक्त गोठतं. साधं नॉर्मल सलाईन चालतं. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत ३०-४० मिलीपेक्षा जास्त जाऊ देऊ नका, आणि तेवढा वेळ मेंढीपाशीच बसा. अंग थरथरणं, धाप, लाळ, अंगावर गांधी, ताप, यातलं काही दिसलं की लगेच बंद. काही नाही दिसलं तर तासाला किलोमागे दहा मिलीपर्यंत चालतं, पण इतक्या दिवसांची रक्तक्षयी मेंढी आहे, मी त्याहून हळूच देतो. फुप्फुसात पाणी भरलं तर रक्त देऊन काय मिळवलं?

परत द्यायचं का? ह्या पेशी तिच्या अंगात थोडेच दिवस टिकतात. तेवढ्यात जंत मेले पाहिजेत आणि तिच्या हाडांतल्या मगजाने काम सुरू केलं पाहिजे, त्यासाठी लोह आणि प्रथिनं लागतात, चांगला पाला आणि पेंड. दुसऱ्यांदा द्यायचंच तर तीन-चार दिवसांच्या आत. आठवडा उलटला की तिने एडक्याच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार केलेली असतात, मग पहिल्या वेळेसारखं बिनघोर देता येत नाही. रक्त घेतलेली मेंढी दुसऱ्या दिवशी उठून खायला लागते आणि मालक निर्धास्त होतो, इथेच घोळ होतो. दहा-चौदा दिवसांनी लेंड्या परत तपासा. या जंतांना कित्येक औषधं आता लागू पडत नाहीत.

वाचनमात्र:
विषय निघालाच आहे म्हणून. १६६७ साली पॅरिसमध्ये झां-बाप्तिस्त दनी नावाच्या वैद्याने पंधरा वर्षांच्या तापकरी मुलाला कोकराचं रक्त दिलं होतं, आणि मुलगा जगला! त्याच वर्षी लंडनमध्येही मेंढीचं रक्त माणसाला दिलं. मग शेळीचं मेंढीला इतकं का वर्ज्य?

चौथं_पोट:
मुलगा जगला कारण रक्त थोडंच गेलं. दनीचा पुढचा एक रोगी वासराच्या रक्तानंतर दगावला, प्रकरण कोर्टात गेलं आणि हा उद्योग बंद पडला. एवढं पुरे.

कळपवाला:
डॉक्टर, खूप आभार. एडकाच धरतो. अजून एक, याच मेंढीचं कोकरू, पंधरा दिवसांचं, तेही आज मलूल आहे, हिरड्या पांढऱ्या. त्यालाही जंतनाशक पाजू का? जन्मल्यावर आईला दूध नव्हतं म्हणून गाईचा चीक पाजला होता, तसं ते वाढत छान होतं.

चौथं_पोट:
जंतनाशक राहू द्या. पंधरा दिवसांच्या पोरात हे जंत मोठे होऊन इतकं रक्त पीतच नाहीत, त्यांना त्यासाठी अडीच-तीन आठवडे लागतात, आणि ते चरायला तरी कुठे लागलंय अजून. मला चिकाचा संशय आहे. काही गाईंच्या चिकातली प्रतिपिंडं कोकराच्या तांबड्या पेशींना चिकटतात आणि शरीर त्या पेशी मोडत सुटतं. कोकरू आठ-दहा दिवस मजेत असतं, मग पहिल्या तीन आठवड्यांत कधीतरी एकदम पांढरं पडतं. सगळ्या गाईंच्या चिकाने होत नाही, म्हणून पुढच्या वेळी तीन-चार गाईंचा चीक एकत्र करून पाजा, एकीचाच नको.

याला रक्तच लागेल, तेही उद्याच. किलोमागे दहा-पंधरा मिली, म्हणजे सहा किलोचं असेल तर साठ ते नव्वद मिली. शीर सापडली नाही तर पोटाच्या पोकळीतही देता येतं, फक्त ते हळू शोषलं जातं. हे डॉक्टरांवर सोडा, स्वतः टोचू नका. दुसरा दाता शोधायला नको, मेंढीला ५२० गेल्यावर तुमच्या दुसऱ्या पिशवीत दीडशेच्या वर उरतंय. आज रात्रीच डॉक्टरांना फोन करून कोकराचं सांगा आणि सकाळी त्याचं वजन करून ठेवा.