उघड्या जीपसाठी ट्वीडचं जॅकेट शिवून घ्यायचंय (रत्नागिरी-गुहागर), सल्ला द्या

जांभा_चिरा:
नमस्कार मंडळी. जुनी जीप आहे, फाल्गुन-चैत्रात हूड काढूनच फिरवतो. पहाटे रत्नागिरीतून निघायचं, आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड करत जयगडला फेरीबोट, तवसाळला उतरून हेदवी, वेळणेश्वर, गुहागर आणि दुपारनंतर त्याच वाटेने परत. पहाटे दव असतं, छातीत वारा भरतो आणि ऊन वर आलं की घाम. मामा बोटीवर होते, त्यांनी स्कॉटलंडहून आणलेलं ट्वीडचं (जाडसर लोकरी) कापड आईने डांबरगोळ्या घालून इतकी वर्षं जपलंय, तपकिरी-हिरवट आहे, कसर अजिबात नाही. त्याचं जॅकेट शिवायचंय, इंग्रज लोक गावाकडे नाहीतर शिकारीला घालायचे त्या पद्धतीचं. शिलाई, अस्तर, बटणं सगळं धरून सहा हजार. कट कसा सांगू आणि टेलरला आधी काय काय बजावून ठेवू? चिपळूणपर्यंत जायची तयारी आहे.

दर्यावर्दी:
लेदर घे भावा, विषय संपला. मी मुंबईहून २२ हजारांचं आणलंय, वारा आत येतच नाही, लोक थांबवून विचारतात कुठून घेतलं. सहा हजारांत चांगलं काही होत नाही हल्ली.

पावसकर_दादा:
कोकणात लेदर?? पावसाळ्यात कपाटातून काढ आणि बघ किती बुरशी चढते ती. आणि ट्वीड पण नको, मार्चमध्ये रत्नागिरीत दुपारी पारा कधीकधी ३५ च्या वरही जातो, लोकरीत भाजून निघशील. जाड सुती ड्रिल घे, धुता येतं, लाल धूळ बसली तरी बिघडत नाही. माझं खाकी ड्रिलचं जॅकेट अजून नवं दिसतं.

थारवाला_खेड:
जीप कुठली आहे ते आधी सांगा, एमएम ५४० का? काच खाली पाडून चालवत असाल तर जॅकेटचा उपयोग नाही, गॉगल आणि रुमाल लागेल. आणि खरं सांगू, जिप्सीचा हूड काढून जी मजा आहे ना ती जीपला नाही.

जांभा_चिरा:
काच उभीच असते दादा. जिप्सीचा विषय नको, जॅकेटचं बोला.

काजबटण:
आमच्या घरी तीन पिढ्या शिलाईकाम, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, मोज. ट्वीडचा पन्हा दोन्ही प्रकारचा येतो, साधारण ७५ सेंटीमीटरचा आणि दीडशेचा. दीडशेचा असेल तर दोन मीटरमध्ये जॅकेट निघतं, लहान पन्हा असेल तर चार मीटरच्या आसपास लागतं आणि चौकड्या जुळवायच्या असतील तर अजून थोडं. कापड कमी पडतंय हे कात्री चालल्यावर कळून काय उपयोग. दुसरं म्हणजे मुंढा, बाही जोडतात तो घेर, वर घ्यायला सांग. आपल्याकडचे टेलर हात मोकळा राहावा म्हणून मुंढा खाली पाडतात आणि त्यानेच हात उचलला की अख्खं जॅकेट वर चढतं, स्टिअरिंग धरलं की कॉलर मानेपासून सुटते. मुंढा काखेजवळ हवा आणि मोकळेपणा पाठीत हवा, खांद्याच्या मागे दोन्ही बाजूंना खोल प्लीट (घडी), हात पुढे गेला की उघडते आणि मागे आला की मिटते. इंग्रजांच्या शिकारीच्या नॉरफोक जॅकेटच्या प्लीट्स अशाच कामाच्या, बंदूक खांद्याला लावताना पाठ अडू नये म्हणून. मागे एकच चीर असते ती घोड्यावर बसणाऱ्यांसाठी, तुला दोन बाजूंना दोन चिरा सांग, सीटवर बसलास की मागचा भाग गोळा होत नाही. आणि ट्रायल उभ्याने देऊ नकोस!! स्टूलवर बस, हात पुढे धर, मग टेलरला बाहीची लांबी बघू दे, बसल्यावर ती वर सरकते. आत माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, भरपूर ठेवायला सांग, पुढे पोट सुटलं तर उसवून सैल करता येईल.

पावसकर_दादा:
माहिती छान पण हे सगळं ड्रिलमध्ये पण होतं की.

हर्णै_बंदर:
कापड शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजत घाल, आटायचं ते आटून जाऊ दे. माझ्या सफारीला टेलरने भिजवलं नाही आणि पहिल्याच धुण्यात पँट घोट्याच्या वर. पैसे परत दिले नाहीत ते दिले नाहीतच, वर मलाच म्हणाला गरम पाण्यात टाकली असेल.

काजबटण:
नको नको, सुती कापडाचं वेगळं. लोकर बादलीत बुडवून पिळलीत तर जाड होऊन आवळते, मामांचं कापड वाया जाईल. ओला फडका अंथरून वाफेची इस्त्री फिरवायची, सपाट पसरून वाळू द्यायचं आणि मग कापायचं.

हर्णै_बंदर:
आमच्याकडे सगळे भिजवतातच.

मतलई:
कोणी वाऱ्याचा विचार केला का? पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे पूर्वेकडून. तुम्ही उत्तरेला चाललेले, पूर्व उजव्या हाताला. दुपारी परत येताना तोंड दक्षिणेला आणि समुद्र उजवीकडे, तेव्हा खारा वारा पण उजवीकडूनच. ड्रायव्हर बसतो उजवीकडे. म्हणजे जाता-येता दोन्ही वेळा वारा थेट तुमच्या अंगावर. आणि पुरुषांच्या जॅकेटची डावी बाजू उजवीवर येते, म्हणजे उघडी कड उजवीकडेच, वारा नेमका तिथूनच आत घुसणार. टेलरला सांगा बटणपट्टीच्या आत आणखी एक पट्टी द्यायला, आणि कॉलर उभी करून गळ्याशी बटणाने बंद होईल अशी छोटी पट्टी. ती इंग्रजी जॅकेटांना असतेच.

थारवाला_खेड:
गाडी ६० ला गेली की वारा समोरूनच येतो हो, उजवं-डावं काही राहत नाही.

मतलई:
आरे-वारेच्या वळणांवर ६० ने जाता का तुम्ही? तिथे समुद्र बघायला लोक ३० वर येतात. आणि समोरून आला तरी काचेच्या कडेवरून वळून उजव्या खांद्यावरच येतो, उघड्या गाडीत बसून बघा.

मालवणी_माणूस:
माका विचारशात तर लोखंडी चेन आणि लोखंडी प्रेसबटणां अजिबात लावू नका. खाऱ्या हवेत गंज धरता आणि कापडार डाग पडता तो जाणा नाय. माज्या विंडचीटरची चेन एका पावसात जाम झाली. पितळी नायतर प्लास्टिक दाताची घ्या. बटणां करवंटीची लावा, आपल्याकडे करवंटीक काय तोटो.

दर्यावर्दी:
लेदरला हे काही प्रॉब्लेम नाहीत. तेलाचा हात मारला की झालं.

गुहागरची_लेक:
माझ्या भावाने असंच कोट टाईप जॅकेट शिवलं होतं, आतून पूर्ण पॉलिस्टर अस्तर आणि पुढे आकार राहावा म्हणून आतून चिकटवतात ते कापड, फ्यूजिंग. उन्हात गाडीत ठेवून ठेवून छातीवर फुगे आले आणि पाठ घामाने ओली. म्हणून अस्तर व्हिस्कोसचं घ्या, बाह्या आणि खांद्यापुरतंच, पाठ खालून उघडी राहू दे, ट्वीड तसं वारा खेळू देणारं कापड आहे. फ्यूजिंगऐवजी शिवलेला कॅनव्हास मागा, पैसे वाढतील पण तुमचं कापड फुकटचं आहे, तिथे वाचलेले इथे घाला. खालचे खिसे जरा वर आणि पुढे घ्यायला सांगा, कमरेला सीटबेल्ट लागला की नेहमीच्या जागी हात शिरत नाही. आणि काजूच्या दिवसात बोंडं खिशात टाकू नका, तो डाग जन्मात निघत नाही.

पावसकर_दादा:
शेवटचं सांगतो, ड्रिल. ट्वीड थंड मुलखाचं कापड. ते हॅरिस ट्वीड तर स्कॉटलंडच्या बेटांवर घरोघरी हातमागावर विणतात, त्यासाठी १९९३ चा कायदा आहे. तिथला गारठा कुठे आणि आपला फाल्गुन कुठे.

काजबटण:
@जांभा_चिरा, दादांवरून आठवलं, कापडाच्या उलट बाजूला गोल आणि वर क्रॉस असा शिक्का आहे का बघ. असेल तर हॅरिसच. तो तुकडा कापून टाकू देऊ नकोस, आतल्या खिशावर घ्यायला सांग.

जांभा_चिरा:
शिक्का आहे!! पन्हा लहान आहे, लांबी पावणेपाच मीटर, म्हणजे पुरेल. सगळ्यांचं वाचलं, आईशी पण बोललो. ड्रिल घेत नाही, लेदर पण नाही, ट्वीडच. गरम होईल हे मान्य, पण मला ते फेरीबोटीपर्यंतच घालायचंय, पुढे ऊन चढलं की काढून मागच्या सीटवर आणि परतताना उन्हं कलली की पुन्हा अंगावर. कापड नुसतं कपाटात पडून राहावं यासाठी मामांनी बोटीवरून वाहून आणलं नव्हतं. प्लीट, दोन चिरा, वर घेतलेला मुंढा, उजवीकडची आतली पट्टी, अर्धं अस्तर, करवंटीची बटणं हे सगळं कागदावर लिहून टेलरला दिलं. कॅनव्हासमुळे साडेसात सांगितलेत, चालेल. चेन कुठेच नाही. सोमवारी कच्च्या शिलाईची ट्रायल, स्टूल मीच घेऊन जाणार आहे.

काजबटण:
शिमग्याच्या आधी हातात मिळेल असं लिहून घे. एकदा पाडवा आणि लग्नसराईचे कपडे आले की तुझं जॅकेट मागे पडलंच समज.

दर्यावर्दी:
साडेसात?? त्यात थोडे टाकले असते तर लेदर आलं असतं.