दुरुस्तीनंतर बायप्लेनचं इंजिन चढताना बंद पडतं, थ्रॉटल दिला की डावीकडे ओढतं

प्रश्न : वावरपट्टी, दारव्हा

नमस्कार मंडळी. माझं रिमोटवर उडणारं मॉडेल बायप्लेन (एकावर एक दोन पंखांचं विमान) बाल्सा या हलक्या लाकडाचं आणि प्लायचं आहे, पंखविस्तार ४८ इंच, वजन २.७ किलो. ४६ साइजचं टू-स्ट्रोक ग्लो इंजिन (७.५ सीसी), प्रॉप (पंखा) ११×६ इंच. तुरीच्या वावरात नाकावर पडलं. फायरवॉल (इंजिन बसतं ती नाकाची फळी) उखडली, कॅबेनची (वरचा पंख धडावर उचलून धरणाऱ्या तारांची) पुढची तार वाकली, खालच्या पंखाच्या दोन रिब (आतल्या फासळ्या) मोडल्या. नवी फायरवॉल ६ मिमी प्लायची बसवली, तार हातानं सरळ केली, रिब बदलल्या. टाकी फुटली नव्हती म्हणून तीच ठेवली.

आता दोन अडचणी आहेत. जमिनीवर फुल थ्रॉटलला इंजिन एकसारखं चालतं, पण विमान चढायला लागलं की १०-१५ सेकंदांत बंद पडतं. नीडल (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) अर्धा आटा उघडून पाहिली, काही फरक नाही. दुसरं म्हणजे थ्रॉटल वाढवला की नाक डावीकडे आणि वर जातं. उजव्या रडरचा (शेपटीच्या उभ्या सुकाणूचा) ट्रिम, म्हणजे रिमोटवरची कायमची दुरुस्ती, जवळजवळ संपला. इंजिन बदलावं लागेल का?

उत्तर : ग्लोप्लग, अकोला

भाऊ, इंजिन बदलू नका आणि नीडल होती तिथं परत आणा. हे लक्षण टाकीचं आहे.

विमान नाकावर आदळलं की टाकीतला क्लंक, म्हणजे सिलिकॉन नळीच्या टोकाचं ते पितळी वजन, झटक्यानं पुढं जातं आणि नळी दुमडून तिथंच अडकून बसतं. बाहेरून टाकी धडधाकट दिसते. विमान आडवं असताना क्लंक इंधनात बुडालेला असतो, म्हणून जमिनीवर सगळं ठीक वाटतं. नाक वर झालं की इंधन मागं जातं, पुढं अडकलेला क्लंक हवा ओढतो आणि नळीतलं इंधन संपलं की इंजिन थांबतं. नीडल कितीही उघडली तरी हवेचं इंधन होणार नाही.

टाकी बाहेर काढून रिकामी करा. तोंड वरच्या बाजूला धरून कानाशी हलवा. मागच्या भिंतीजवळ क्लंक मोकळा फिरल्याचा टकटक आवाज यायला हवा. आवाज नसेल किंवा तोंडाजवळून येत असेल तर निदान पक्कं. बूच उघडून नळी नवीच घाला, जुनी सरळ करून वापरू नका, दुमडलेल्या जागी बारीक चीर पडते. लांबी अशी ठेवा की क्लंक मागच्या भिंतीपासून ५-६ मिमी अलीकडे राहील आणि टाकी कुशीवर केली की स्वतःच्या वजनानं खाली घसरेल. मग एक नळी सोडून बाकीच्या बंद करा, टाकी बादलीत बुडवा आणि हलकेच फुंका. बुचाभोवती बुडबुडा दिसला तर बूच बदला.

फायरवॉल नवी आहे म्हणून टाकीची उंचीही मोजा. टाकीची मधली रेषा कार्ब्युरेटरच्या स्प्रेबारच्या (इंधन सोडणाऱ्या नळीच्या) ५ ते १० मिमी खाली असावी. टाकीखाली जादा फोम घातला की ती वर सरकते, मग टाकी भरलेली असताना मिश्रण जाड (इंधन जास्त) आणि संपत आल्यावर पातळ (इंधन कमी) होतं. फोम हवाच, नाहीतर थरथरीनं इंधनात फेस होतो, पण तो मोजून घाला.

नाकावर पडलेलं इंजिन हातानं फिरवून बघण्याची घाई नेहमीच महागात पडते. काळ्या मातीचा बारीक कण आत गेला असेल तर लायनरवर ओरखडे पडतात. कार्ब्युरेटर, मागचं झाकण आणि प्लग काढून रॉकेलनं आतून धुवा, मगच फिरवा. कार्ब्युरेटरच्या बुडाशी असलेली ओ-रिंग चपटी झाली असेल तर तिथूनही हवा शिरते. प्रॉप वरून चांगला दिसला तरी टाकून द्या.

मग सेटिंग. फुल थ्रॉटलला नीडल हळूहळू बंद करत सर्वात जास्त आरपीएमपर्यंत न्या, तिथून २-३ क्लिक उघडा, आरपीएम ३०० ते ५०० उतरू द्या. सोबत्याला विमान मागून घट्ट धरून नाक सरळ आकाशाकडे करायला सांगा आणि १० सेकंद थांबा. आवाज किंचित चढला तर ठीक. पडायला लागला तर मिश्रण अजून पातळ आहे. प्रॉपच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही. एप्रिल-मेच्या उन्हात एक क्लिक जादाच उघडी ठेवा, धुराची पांढरी रेघ मागं दिसत राहिली पाहिजे.

उत्तर : बाल्सा आणि इपॉक्सी, वर्धा

इंजिनाचं उत्तर मिळालं, मी डावीकडे ओढण्याचं बघतो. ट्रिमनं हा दोष झाकू नका.

टाकी नीट झाल्यावर ५०-६० मीटर उंचीवर विमान सरळ ठेवा आणि थ्रॉटल आयडलला (सर्वात कमी वेगावर) आणा. ओढणं थांबलं तर दोष इंजिनाच्या कोनात आहे. तसंच राहिलं तर पंखात पीळ किंवा कोनाचा फरक आहे. या एका चाचणीनं अर्धं काम होतं.

थ्रॉटलबरोबर वाढतंय म्हणजे माझा पहिला संशय नव्या फायरवॉलवर. बहुतेक बायप्लेनच्या प्लॅनमध्ये इंजिन साधारण २ अंश उजवीकडे आणि १-२ अंश खाली कललेलं असतं. जुनी फायरवॉल तशी तिरपी असेल आणि तुम्ही नवी काटकोनात बसवली असेल, तर तुम्ही लिहिलंय तेच होणार : नाक डावीकडे आणि वर. फायरवॉल परत उखडायची गरज नाही. माउंटच्या बोल्टमधलं अंतर ५० मिमी असेल तर १ मिमीचा वॉशर म्हणजे सव्वा अंशाच्या जरा आत. उजवीकडे कलवायला डाव्या बाजूच्या दोन बोल्टखाली, खाली कलवायला वरच्या दोन बोल्टखाली वॉशर द्या. डावा-वरचा बोल्ट दोन्हींत येतो, त्याला दोन वॉशर.

दुसरा संशय कॅबेनवर. पुढच्या आणि मागच्या तारेत १२० मिमी अंतर धरलं, तर एक तार २ मिमी आखूड राहिली की वरच्या पंखाचा कोन जवळजवळ १ अंश बदलतो. हातानं सरळ केलेली पियानो वायर हमखास आखूड राहते, कारण थोडा बाक उरतोच. प्लॅनवर ठेवून बघा, रेषेवर बसली नाही तर नवी वाकवा. जोडाला तांब्याची बारीक तार गुंडाळून सोल्डर करा, त्याआधी वायर पॉलिश पेपरनं चकचकीत घासा. दोन्ही पंखांचा कोन डाव्या-उजव्या बाजूला तपासा. २२० मिमी कॉर्डला (पंखाच्या पुढून-मागे रुंदीला) १ अंश म्हणजे ३.८ मिमी, त्यामुळे साध्या पट्टीनंही चूक सापडते. पंखाच्या दोन्ही टोकांपासून फिनच्या (शेपटीच्या उभ्या पंखाच्या) बुडापर्यंत दोरा ताणून मोजा, फरक ३ मिमीच्या आत हवा. आणि इंटरप्लेन स्ट्रट (टोकांकडे दोन्ही पंख जोडणारा खांब) लावताना पंख ओढून भोक जुळवावं लागत असेल तर तिथंच थांबा. तो स्ट्रट पंखाला पीळ देतोय.

फायरवॉल चिकटवताना तेल पूर्ण काढलं होतं का? इंधनातलं एरंडेल मुरलेल्या लाकडावर इपॉक्सी धरल्यासारखा दिसतो आणि पाच-सहा उड्डाणांत सोलून निघतो. स्पिरिटनं पुसा, वरून टाल्कम पावडर दाबा, हेअर ड्रायरनं गरम करा. तेल वर येऊन पावडर पिवळी पडते. झटका, पुन्हा लावा, पावडर पांढरी राहीपर्यंत. मग ३० मिनिटांचा इपॉक्सी, कोपऱ्यात १२ मिमी त्रिकोणी बाल्सा, आणि बाजूंनी ३ मिमीच्या बांबूच्या खुंट्या आरपार. पाच मिनिटांचा इपॉक्सी इथं वापरू नका, तो थरथर आणि उष्णता दोन्हींत कमी पडतो.

नाकात वजन वाढलंय, तेव्हा टाकी रिकामी ठेवून सीजी (गुरुत्वमध्य) पुन्हा काढा. दोन्ही कॉर्ड २२० मिमी आणि वरचा पंख ५० मिमी पुढं असेल तर दोन्ही पंखांच्या २५ टक्क्यांची सरासरी वरच्या पंखाच्या पुढच्या कडेपासून ८० मिमीवर येते. पहिल्या उड्डाणाला ७५ ठेवा.

उत्तर : पांदण रनवे, यवतमाळ

उडवण्याबद्दल थोडं. चाचणी सकाळी नऊच्या आत उरका. दुपारी तापलेल्या वावरावर वावटळ उठते आणि बायप्लेनचे दोन-दोन पंख तिला आयतेच सापडतात. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात, ७५ मिमीची चाकं त्यात अडकून विमान नाकावर उलटतं. ९० मिमीची लावा, किंवा धुऱ्याकडची मुरमाड पट्टी निवडा. पऱ्हाटी उभी असलेल्या वावराकडे टेकऑफ नको.

टेकऑफला एलिव्हेटर (शेपटीची आडवी, नाक वर-खाली करणारी झडप) थोडा वर धरून शेपूट जमिनीला टेकलेली ठेवा, थ्रॉटल तीन-चार सेकंदांत चढवा, रडर उजवीकडे तयार ठेवा. वेग आला की एलिव्हेटर सोडा. वळताना एलेरॉनसोबत (पंखांवरच्या, विमान कलवणाऱ्या झडपांसोबत) रडर द्या, नुसत्या एलेरॉननं नाक उलट्या बाजूला जातं.

इंजिन बंद पडलं की त्याच क्षणी नाक खाली. बायप्लेनला हवेचा अडथळा मोठा, वेग बघता बघता मरतो. ३० मीटरच्या खाली असाल तर परत वळू नका, समोर जे वावर असेल तिथंच उतरा. इंजिन चालू असताना उतरवतानाही जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत थोडा थ्रॉटल ठेवा.

रेंज टेस्ट (रिमोटचा सिग्नल किती लांब पोचतो ते बघणं) इंजिन चालू ठेवून करा आणि फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर आपोआप लागणारं सेटिंग) आयडलवर बांधा. डिजिटल स्काय या डीजीसीएच्या ड्रोन-पोर्टलच्या नकाशावर जागा हिरव्या भागात आहे ना बघा, तिथं मर्यादा साधारणपणे ४०० फूट आहे.

प्रश्नकर्ता : वावरपट्टी, दारव्हा

टाकी उघडली. क्लंक पुढंच अडकला होता, नळी दुमडलेली होती. फायरवॉलही काटकोनातच निघाली, जुनीचा तुकडा प्लॅनवर ठेवल्यावर कळलं. वॉशर लावतोय. एकच विचारतो, गेल्या पावसाळ्यातलं अर्धा कॅन इंधन आहे, ५ टक्के नायट्रो (नायट्रोमिथेन), २० टक्के तेल, बाकी मिथेनॉल. चालेल का?

उत्तर : ग्लोप्लग, अकोला

झाकण सैल राहिलं असेल तर चाचणीला वापरू नका. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, मग आयडल डळमळतो आणि तुम्ही पुन्हा नीडलच्या मागं लागाल. सीलबंद राहिलं असेल तर हलवून वापरा. दिवस संपला की टाकी रिकामी करा, इंजिनात उरलेलं इंधन जाळा आणि आफ्टर-रन तेलाचे (उड्डाणानंतर इंजिनात घालायच्या गंजरोधक तेलाचे) ५-६ थेंब टाका, नाहीतर बेअरिंग गंजतात. आणि भाऊ, मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही. वाळल्या पऱ्हाटीजवळ इंधन भरू नका, पाण्याची बादली हाताशी ठेवा.