दूर गावातून, अडचणीच्या काळात व्यावसायिक ओळखी कशा जोडाव्यात?

सड्यावरून | २१ जून २०२०

नमस्कार. मी वास्तुविशारद आहे, वय २७. पदवीनंतर साडेतीन वर्षे पुण्यातील एका कार्यालयात काम केले. २५ मार्चला टाळेबंदी लागली, एप्रिलचा पगार निम्मा आला आणि मेच्या पहिल्या आठवड्यात "साइट सुरू झाल्या की कळवू" असे सांगून आम्हा चौघांना थांबवण्यात आले. ई-पास काढून मी दापोली तालुक्यातील घरी आले, चौदा दिवस गावच्या शाळेत विलगीकरणात काढले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ आले. पडवीवरचे पत्रे उडाले, वडिलांच्या बागेतील सुपारीची झाडे मधूनच मोडली आणि वीज अजून आलेली नाही. फोनला रेंज हवी असेल तर दीड किलोमीटर चढून सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, जावे लागते. ग्रामपंचायतीच्या जनरेटरवर लॅपटॉपला दिवसातून दोन तास मिळतात.

माझी अडचण अशी आहे की साडेतीन वर्षांत मी ज्यांच्याबरोबर काम केले, ते स्ट्रक्चरल सल्लागार, कंत्राटदार आणि घरमालक मला केवळ "सरांच्या ऑफिसातली मुलगी" म्हणून ओळखतात. बोलणे नेहमी सरांमार्फत होत असे. मे महिन्यात मी लिंक्डइनवर साठेक अनोळखी वास्तुविशारदांना विनंत्या पाठवल्या. अकरा जणांनी त्या स्वीकारल्या, पण नंतर पाठवलेल्या संदेशाला एकाचेही उत्तर आले नाही. वेबिनारचे दुवे रोज येतात, परंतु इथल्या रेंजवर ते चालत नाहीत, आणि चालले तरी दोनशे श्रोत्यांत मी एक असते, त्यातून ओळख कशी होणार, हे मला कळत नाही.

शिवाय मनाला एक गोष्ट टोचते. सगळेच अडचणीत असताना एखाद्याला काम मागणे म्हणजे त्याच्या दारात आणखी एक ओझे नेऊन ठेवण्यासारखे वाटते. अशा काळात, प्रत्यक्ष भेट शक्य नसताना, व्यवसायातल्या माणसांशी खरी ओळख कशी करावी? ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

जुना अभियंता, नाशिक | २१ जून २०२०

आपली परिस्थिती वाचून वाईट वाटले. घरची माणसे सुखरूप आहेत असे गृहीत धरून लिहितो.

साठ अनोळखी लोकांना विनंत्या पाठवण्यात आपली चूक झाली असे मी म्हणणार नाही, पण सुरुवात चुकीच्या टोकाने झाली. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध लिहिला होता. मॅसॅच्युसेट्समधील न्यूटन गावात ज्यांनी नुकतीच नोकरी बदलली होती, अशांना त्याने विचारले की ज्या ओळखीतून ही नोकरी कळली, ती व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटत असे. आठवड्यातून दोनदा किंवा अधिक भेटणारे सुमारे १७ टक्के निघाले. वर्षातून एकदाहून अधिक, पण आठवड्यातून दोनदाहून कमी भेटणारे जवळजवळ ५६ टक्के, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही क्वचित भेटणारे २८ टक्के होते. याचे कारण साधे आहे. आपल्या अगदी जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती थोड्या दूरच्या ओळखीकडून. मात्र ही माणसे दूरची असली तरी अनोळखी नव्हती, हे लक्षात घ्यावे. आपल्याला "सरांच्या ऑफिसातली मुलगी" म्हणून ओळखणारे सगळे याच वर्गात मोडतात, म्हणजे आपण ज्याला उणीव समजता तेच आपले भांडवल आहे. महाविद्यालयातील दोन वर्षे पुढचे विद्यार्थी, प्रबंधाच्या वेळचे बाहेरचे परीक्षक, साइटवरील पर्यवेक्षक, टाइल्सचे दुकानदार, या सर्वांची नावे वहीत लिहून काढा.

आता त्यांना काय लिहावे, याबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मी मदतकार्यासाठी तिकडे गेलो होतो. तेव्हा माझे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात मी पडलेल्या भिंतींची रेखाटने करीत असे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर सुटून वेगळे झाले होते, कारण दोन्ही थरांतून आरपार जाणारे लांब दगड घातलेलेच नव्हते, आणि वरचे जड माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, सरळ माणसांवर आले होते. मी ती रेखाटने आणि एक प्रश्न असे दोन प्राध्यापकांना टपालाने पाठवले. एकाचे उत्तर आले नाही. दुसऱ्यांनी चार पानी पत्र लिहिले, आणि पुढची अकरा वर्षे आमचा पत्रव्यवहार चालला. माझी पुढची तीन मोठी कामे त्या एका पत्राच्या आधाराने मिळाली. मी त्यांना काम मागितले नव्हते. त्यांना पुण्या-मुंबईत बसून दिसू शकत नव्हते ते मी दाखवले होते.

आपल्या भोवती या क्षणी तशीच सामग्री पडली आहे. कोणती छपरे गेली आणि कोणती राहिली, याची नोंद एका वास्तुविशारदाच्या नजरेने कोणी केली आहे का? वारा छपरावरून जाताना वरच्या बाजूला ओढ निर्माण होते, ती कडांना आणि आढ्याजवळ, म्हणजे छपराच्या माथ्याशी, सर्वांत तीव्र असते, आणि वाऱ्याच्या बाजूचे दार उघडले गेले तर आतूनही दाब येतो. पुस्तकात हे सगळे आहे. परंतु आपल्या गावात पत्रे हुकमधून निसटले, की वाशांसकट उचलले गेले, की वासे भिंतीला बांधलेलेच नव्हते, हे पुस्तकात नाही. वीस घरे पाहा, प्रत्येकाचे एक रेखाटन, उतार, लाकूड, बांधणी, आणि काय तुटले ते लिहा. ते दोन पानांत बसवून वरील यादीतील पाचसहा जणांना पाठवा आणि प्रत्येकाला त्याच्या विषयातील एकच नेमका प्रश्न विचारा. वास्तुविशारदांच्या १९८९ च्या आचारनियमांनुसार आपल्याला स्वतःच्या सेवेची जाहिरात करता येत नाही, पण समव्यावसायिकांना निरीक्षणे पाठवण्यास कोणतीही आडकाठी नाही.

---

पंचगंगा, कोल्हापूर | २२ जून २०२०

ताई, मी अंतर्गत सजावटीची कामे करते. गेल्या ऑगस्टच्या महापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी तिथे ४३ फूट आहे. शाहूपुरीतील माझ्या तळमजल्यावरील कार्यालयात नमुन्यांची कपाटे, संगणक, सहा वर्षांची ड्रॉइंग्ज, सगळे चिखलात गेले. महामार्ग बंद असल्याने कित्येक दिवस कोणी येऊ शकत नव्हते आणि आम्हालाही बाहेर पडता येत नव्हते.

जुन्या अभियंत्यांनी लिहिले ते पटते, पण मला त्यात एक गोष्ट जोडावीशी वाटते. काही पाठवण्याआधी फोन करावा. मी तेव्हा एका जुन्या डायरीतून रोज तीन नंबर काढत असे आणि संध्याकाळी सहा ते सातच्या दरम्यान फोन करत असे. पहिले वाक्य नेहमी त्यांच्याबद्दल असे: तुमच्याकडे पाणी आले होते का, कामगार कुठे आहेत, माल किती गेला. चारपाच वर्षे ज्यांच्याशी एक शब्द झाला नव्हता ती माणसे अर्धा अर्धा तास बोलली. इतक्या दिवसांनी फोन केल्याचा संकोच मलाच होता. त्यांच्याकडून तो एकदाही जाणवला नाही. एका फर्निचरवाल्यांनी मला सांगितले की संपूर्ण आठवड्यात चौकशीचा हा त्यांना आलेला दुसराच फोन होता.

तुम्ही ओझ्याबद्दल लिहिले आहे. काम मागणे हे ओझे असू शकते, पण आपुलकीने केलेली चौकशी ओझे होत नाही, आणि परिस्थिती विचारल्यावर समोरचा माणूस आपलीही विचारतोच. तेव्हा मात्र "सगळे ठीक आहे" असे सांगू नये. "मेपासून काम नाही, छपरांचा अभ्यास करते आहे, ड्रॉइंग आणि अंदाजपत्रकाची कामे घेऊ शकते" असे स्पष्ट सांगावे. मी पहिल्या दहाबारा फोनांत संकोचाने हे सांगितलेच नाही, आणि त्यांतल्या दोघांनी त्याच महिन्यात आपली कामे दुसरीकडे दिली, कारण मी मोकळी आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते.

रेंज कमी असेल तर साधा फोन व्हिडिओपेक्षा चांगला. प्रत्येक फोननंतर वहीत दोन ओळी लिहा, म्हणजे पुढच्या वेळी त्यांच्या मुलीच्या बारावीच्या निकालाची आठवण राहते.

---

मस्कतहून | २२ जून २०२०

मी ओमानमध्ये बांधकाम कंपनीत अंदाजपत्रकांचे काम करतो. इथेही तेलाचे भाव पडल्यापासून प्रकल्प थांबले आहेत, त्यामुळे तुमची काळजी मी समजू शकतो.

वरील दोन्ही उत्तरांशी मी बराचसा सहमत आहे, परंतु एका बाबतीत सावध करू इच्छितो. निरीक्षणे मोकळेपणाने द्यावीत, काम मोकळेपणाने देऊ नये. ओळख वाढवण्याच्या इच्छेने माझ्या एका तरुण सहकाऱ्याने दूरच्या एका कार्यालयाला "नमुना म्हणून" पूर्ण घराची ड्रॉइंग्ज करून दिली. ती साइटवर वापरली गेली, आणि त्यानंतर त्याचा फोन उचलला गेला नाही. दुरून काम करताना समोरच्याची नजर दिसत नाही, म्हणून पहिले काम लहान घ्यावे, किती पाने, किती दुरुस्त्या, पैसे केव्हा, हे ई-मेलवर लिहून घ्यावे आणि काही रक्कम आधी मागावी. नोंदणीसाठी तुमच्याकडूनच पैसे मागणारा कोणीही परदेशी कामाचा प्रस्ताव घेऊन आला, तर त्याला उत्तरही देऊ नये. अशा संदेशांचे प्रमाण सध्या वाढले आहे.

आमच्या कार्यालयातील छपरांच्या कामाचे अभियंते मराठी नाहीत, पण तुमची दोन पाने इंग्रजीत झाली तर मी त्यांना नक्की दाखवीन. आमची वेळ दीड तासाने मागे आहे, त्यामुळे तुमच्याकडील रात्री आठची वेळ मला सोयीची पडते.

---

सड्यावरून | २८ जून २०२०

आपणा तिघांचे मनापासून आभार. उत्तर देण्यास उशीर झाला, कारण चार दिवस पावसामुळे सड्यावर जाता आले नाही.

आतापर्यंत २३ घरे पाहिली. वडील सोबत येतात, त्यामुळे लोक माळ्यावर चढू देतात. मंगलोरी कौलांच्या तीव्र उताराच्या घरांत बहुतेक ठिकाणी पावळीच्या (छपराच्या खालच्या कडेच्या) दोन ओळी आणि आढ्यावरची कौले गेली, मधला भाग राहिला. कमी उताराच्या पत्र्यांच्या अकरा छपरांपैकी सात पूर्ण गेली, आणि त्यांतल्या पाचांत पत्रा आणि लोखंडी पाइप एकमेकांना घट्ट होते, पण पाइप भिंतीवर नुसते ठेवून वर सिमेंट लावलेले होते. आमच्या पडवीचेही तसेच निघाले. पत्रे तिघे मिळून शोधून आणले, तेव्हा ते पाइपसकट शेजारच्या आमराईत पडले होते.

पंचगंगाताईंच्या सांगण्याप्रमाणे नऊ फोन केले. जुन्या साइटवरचे एक पर्यवेक्षक मंडणगडचे निघाले, हे मला तीन वर्षांत ठाऊक नव्हते. त्यांच्याही घराचे छप्पर गेले आहे.

आता एका स्ट्रक्चरल सल्लागारांना पाठवायचा मजकूर असा लिहिला आहे: "सर, मी अमुक कार्यालयात असताना वाकडच्या इमारतीच्या जिन्याबाबत आपण दोन वेळा भेटलो होतो. सध्या मी दापोली तालुक्यात आहे. वादळात गेलेल्या छपरांच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. चिऱ्याच्या भिंतीत पाइप अडकवण्यासाठी वरच्या थरात काँक्रीटचा पट्टा न घालता, कमी खर्चात काय करता येईल, याबद्दल आपले मत हवे होते. आपणाकडे माझ्यायोग्य काही काम असल्यास कृपया कळवावे, मी अत्यंत आभारी राहीन." हे योग्य आहे का?

---

जुना अभियंता, नाशिक | २८ जून २०२०

जिन्याचा उल्लेख उत्तम, त्याने त्यांना आपला चेहरा आठवेल. प्रश्नही नेमका आहे. फक्त शेवटचे वाक्य या पत्रातून काढा, कारण ते राहिले तर उत्तर देणारा माणूस आधी त्या वाक्याचा विचार करतो आणि काम नसेल तर संकोचाने प्रश्नाचेही उत्तर टाळतो. त्याऐवजी "सध्या स्वतंत्रपणे काम करीत आहे" एवढे नावाखाली लिहा. उत्तर आले तर आभाराच्या पत्रात, त्यांच्या सल्ल्याने आपल्या पडवीवर काय केले ते छायाचित्रासह कळवा, आणि कामाची गोष्ट तेव्हा काढा. दहा दिवसांत उत्तर आले नाही तर एकदा फोन करा.

पाच छपरांतील ती पाइपची बाब मला स्वतःला महत्त्वाची वाटते. भिंतीत पाइप किती इंच आत गेला होता, हे प्रत्येक घराचे मोजमाप हवे आहे. ते घेतले असेल तर रेखाटने मलाही पाठवा. छायाचित्रे रेंजवर जात नसतील तर दापोलीच्या टपाल कार्यालयातून पाठवली तरी चालतील, पत्ता खाजगी संदेशात देतो.