मदत हवी आहे: गाडीचा एसी अर्ध्या तासाने गरम हवा मारतो, शनिवारी चिपळूणला निघायचंय

भांडुपवाला:
मंडळी, जाम वैतागलोय. एसी सकाळी झकास चालतो, पंचवीस-तीस मिनिटांनी गार हवा बंद, नुसता ब्लोअर. बंद करून दहा मिनिटांनी लावला की परत गार. गॅस दोनदा भरून झाला, आता गॅरेजवाला म्हणतो कम्प्रेसर गेला, अठरा हजार. सोबत आठ महिन्यांचं बाळ आहे. वायरिंगचा लोचा आहे का ते कसं ओळखायचं तेवढंच सांगा, लेक्चर नको.

खटारा_प्रेमी:
गाडी कुठली, कितवं मॉडेल, पेट्रोल की डिझेल? आम्ही काय पंचांग बघून सांगायचं का?

निवांत:
गॅस कमी असणार. मी दर एप्रिलला भरून घेतो, कधी त्रास नाही.

खटारा_प्रेमी:
दर एप्रिलला भरावा लागतो म्हणजे तुमच्याकडे लीक आहे साहेब. एसीचा गॅस, आर-१३४ए, काय पेट्रोल आहे जळून संपायला? आणि गॅस कमी असता तर सकाळीही गार पडलं नसतं.

निवांत:
वीस वर्षं गाडी चालवतोय, मला शिकवू नका.

घोडबंदरवाली:
गार हवा जाते तेव्हा हवेचा जोर कमी होतो का? माझ्याकडे थर्मिस्टर, म्हणजे थंडावा मोजणारा सेन्सर, गेलेला, कूलिंग कॉइलवर बर्फ धरायचा, लक्षणं हीच. आणि त्या वेळी कम्प्रेसरची पुढची प्लेट फिरते की नुसती पुली?

भांडुपवाला:
जोर तेवढाच आहे. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, कंपनीचं नाव टाकत नाही, मागच्या धाग्यात त्यावरूनच मारामारी झालेली. प्लेटचं काय माहीत, कुर्ल्याच्या सिग्नलला बोनेट उघडून उभा राहू का?

कडक_चहा:
कंडेन्सर फॅन, म्हणजे एसीच्या पुढच्या जाळीला गार करणारा पंखा!! उभ्या गाडीत फॅन फिरला नाही की प्रेशर चढतं आणि प्रेशर स्विच कम्प्रेसरला तोडतो. हायवेला गार राहतो ना?

भांडुपवाला:
नाही, ईस्टर्न एक्स्प्रेसला ऐंशीच्या स्पीडला पण गेलेला. फॅन फिरतोय, घरघर ऐकू येते.

कडक_चहा:
मग दोनदा भरून गॅस जास्त झालाय. त्यानेही प्रेशर चढतं.

पॅसेंजर:
एवढं डोकं कशाला, सकाळची मांडवी एक्स्प्रेस पकडा, चिपळूणला थांबते. माणगावच्या ट्रॅफिकपेक्षा बरं.

खटारा_प्रेमी:
हो, आणि तिकीट तुम्ही काढून देणार. भाऊ, कम्प्रेसरच्या क्लचचा (प्लेटला पुलीशी जोडणाऱ्या चुंबकाचा) गॅप वाढलाय, लिहून घे. प्लेट आणि पुलीत साधारण अर्धा मिलिमीटर हवा, झिजून वाढला की चुंबकाच्या गरम कॉइलला प्लेट ओढवत नाही. एक शिम (पातळ चकती) काढायची, काम खतम.

माटुंग्याचा_म्हातारा:
न मोजता शिम काढू नका. अहो भांडुपवाले, सोसायटीत गाडी एसी लावून चालू ठेवा, हवा गरम झाली की बोनेट उघडा. पुली फिरत्येय आणि प्लेट उभी असेल तर क्लच सुटलाय. मग तिथल्या वायरीवर मल्टिमीटर लावा. व्होल्ट नसतील तर दोष मागे, म्हणजे फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच), प्रेशर स्विच. पूर्ण असतील तर क्लच. बाह्या वर, गळ्यात काही नको, पट्ट्यापासून हात लांब.

भांडुपवाला:
मल्टिमीटर कुठून आणू आता?

घोडबंदरवाली:
लॅमिंग्टन रोड. साधा घ्या, चालतो.

भांडुपवाला:
घेतला. प्लेट उभी, नुसती पुली फिरते. तिथे एकच वायर आहे, दुसरी सापडत नाही. ती काढून बॅटरीच्या मायनसशी मोजलं तर १३.८. म्हणजे क्लच गेला ना? घालू का अठरा हजार?

खटारा_प्रेमी:
बोललेलो! गॅप!

माटुंग्याचा_म्हातारा:
थांबा हो. काढून मोजलंत तिथेच चुकलं. करंटच वाहत नसेल तर जळक्या जोडातूनही पूर्ण व्होल्ट दिसतात. कनेक्टर लावून ठेवा, मागून टाचणी घालून परत मोजा, टाचणी बॉडीला टेकू देऊ नका. दुसरी वायर नसतेच, अर्थ (मायनस) कम्प्रेसरच्या बॉडीतून जातो.

भांडुपवाला:
९.६!!! मगाशी १३.८ होते!

खटारा_प्रेमी:
इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजली असेल, मुंबईची खारी हवा.

माटुंग्याचा_म्हातारा:
मायनस थेट बॅटरीवरच लावलाय, ९.६ म्हणजे प्लसच्याच बाजूला चार व्होल्ट कुठेतरी खातंय. अर्थ एवढा गेला असता तर स्टार्टरनेही मान टाकली असती. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा.

भांडुपवाला:
केली, काही फरक नाही. पण एसीच्या रिलेचा एक पाय निळसर पडलाय, आणि तो जिथे बसतो तिथलं प्लास्टिक वितळून काळं झालंय. फोटो टाकतो. त्याच भोकात एक लाल वायर खुपसलेली आहे, ती फॉग लॅम्पची.

घोडबंदरवाली:
कुठले फॉग लॅम्प?

भांडुपवाला:
दिवाळीत बाहेरून बसवलेले. एसीशी काय संबंध म्हणून लिहिलं नाही.

माटुंग्याचा_म्हातारा:
धन्य आहे! दोन पंचावन्न वॅटचे बल्ब म्हणजे आठ अँपियर, वर क्लचचे तीन-चार. वायर खुपसून पिनेची पकड सैल झाली, सैल जोड तापतो, तापला की अजून सैल होतो. म्हणून तुमचं यंत्र अर्ध्या तासाने बसतं. एसीचा फ्यूज किती अँपियरचा आहे बघा.

भांडुपवाला:
झाकणावर १० लिहिलंय, आत २० चा आहे. च्यायला.

माटुंग्याचा_म्हातारा:
फॉग लॅम्पवाल्याचाच प्रताप. नशीब पेटली नाही. ती वायर आजच काढा.

कडक_चहा:
फॉग लॅम्प हवेतच कशाला, मुंबईत धुकं कुठे असतं?

भांडुपवाला:
अपडेट. नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियनने नवीन पीन टाकली, रिले नवा, फ्यूज १० चा. लावून मोजलं तर १३.५. ऐरोलीला जाऊन-येऊन, टोकाला अर्धा तास उभी ठेवून बघितली, गारच. साडेसातशे घेतले. गॅप पण बघून घेतला, ठीक आहे. फॉग लॅम्पला वेगळा रिले आल्यावर टाकणार.

निवांत:
निघण्याआधी गॅस चेक करून घ्या तरी.